खंड पडल्यावर माणसाला परत आणणारं आरोग्य-अ‍ॅप कसं असावं? नागपूरकरांशी बोलायचंय

मिहानवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझायनर आहे. आमची छोटी टीम मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांसाठी मराठी अ‍ॅप तयार करतेय. चालणं, जेवण, झोप आणि शुगरच्या नोंदी, एवढाच पसारा. स्क्रीन बऱ्यापैकी तयार आहेत. मला एकाच मुद्द्यावर तुमची मतं हवी आहेत: लोक मध्येच सोडून देतात तेव्हा अ‍ॅपने काय करायचं?

बाजारातली बरीचशी अ‍ॅप्स माणूस रोज न चुकता करेल असं धरूनच बनवलेली असतात. सलग दिवसांची साखळी, एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. आता आपल्या शहराचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. होळी झाली की ऊन तापायला लागतं. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, सकाळी आठलाच रस्त्यावर उभं राहवत नाही. त्यातच लग्नसराई. मग पावसाळा, पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी, आणि थंडीत हुरड्याची आमंत्रणं. चालण्याची आणि जेवणाची घडी वर्षातून चार-पाचदा विस्कटणार, हे इथे राहणाऱ्या कुणालाही आधीच सांगता येतं. मग अ‍ॅपलाच ते का माहीत नसावं?

'२१ दिवसांत सवय लागते' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा चालण्या-खाण्याशी काही संबंध नाही. खरी मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी रोज एक छोटी गोष्ट करायची ठरवली होती. ती आपोआप व्हायला मध्यक ६६ दिवस लागले (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) आणि माणसामाणसातला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. माझ्या कामाचा निष्कर्ष त्याच अभ्यासात पुढे आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय पक्की होण्यावर फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे एका दिवसासाठी आकडा शून्य करणाऱ्या साखळीला शास्त्राचा आधार नाही.

माझं म्हणणं असं की या अ‍ॅपमधला सगळ्यात विचारपूर्वक केलेला स्क्रीन परतीचा असावा. महिनाभराने माणूस अ‍ॅप उघडेल तेव्हा त्याला पहिलं काय दिसेल, त्याला काय विचारलं जाईल, आणि आज करायला किती सोपं काम मिळेल. सध्या आमच्या नमुन्यात तिथे एक रिकामा लाल गोल दिसतो. तो मला काढायचाच आहे. त्याच्या जागी काय असावं?

धंतोलीचा_डॉक्टर

ताई, विषय काढलात ते फार चांगलं केलंत. धंतोलीत फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो, रोजच्या ओपीडीत हेच बघतो.

आधी आवाका. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे २०२३ मध्ये आलेले आकडे सांगतात की देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांना आहारतज्ज्ञ समोर बसून वर्षभर समजावेल, हे शक्य नाही. म्हणून फोनचा उपयोग करावा लागेल, यात वाद नाही.

आपल्याच देशातला पुरावाही चांगला आहे. दक्षिण भारतात डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांवर चाचणी केली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना नेहमीचा सल्ला, निम्म्यांना त्यासोबत साधे एसएमएस. दोन वर्षांनी एसएमएस मिळणाऱ्यांत १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, इतरांत २७ टक्के. ना घड्याळ, ना गोल, ना बक्षीस. माणूस बदलाच्या कोणत्या पायरीवर आहे, नुसता विचार करतोय की सुरुवात केली आहे की टिकवून आहे, हे बघून मजकूर ठरवला जात होता. तुमच्या परतीच्या स्क्रीनला ही कल्पना थेट लागू पडते.

उलट उदाहरणही सांगतो. अमेरिकेत पिट्सबर्गला ४७० तरुण जाड व्यक्तींवर दोन वर्षांचा प्रयोग झाला, २०१६ मध्ये छापून आला. सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतं. सहा महिन्यांनंतर एका गटाला अंगावर घालायचं मोजणी-यंत्र दिलं. शेवटी यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने उतरलं आणि बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलोने. मोजलं म्हणजे बदल झाला, हे गृहीत धरू नका.

आणि ते १०,००० पावलांचं लक्ष्य कृपया काढा. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून तो आकडा जगभर गेला. २०१९ मध्ये आय-मिन ली यांनी १६ हजारांहून जास्त ज्येष्ठ महिलांचा अभ्यास मांडला. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावला. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या बाईला ४,००० सांगितलं तर ती करते. दहा हजार सांगितलं तर त्याच दिवशी सोडते.

व्हीएनआयटी_हॉस्टेल

साखळीच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. माझ्यासारख्या अनेकांना सलग दिवसांचा आकडाच सकाळी उठवतो. होस्टेलमध्ये आमचा ग्रुप आहे, पहाटे अंबाझरीला पळायला जातो. कुणाची साखळी मोठी यावर चढाओढ चालते आणि त्या चढाओढीमुळे थंडीतही पोरं उठतात. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो अ‍ॅपने साखळी ठेवूनही एखादा दिवस 'गोठवायची' सोय दिली आहे. ती चालेल की. साखळी सरसकट काढली तर तरुण वापरणारे जातील.

आणखी एक. 'योग्य वेळी योग्य सूचना' यावर आमच्याकडे सध्या बरीच चर्चा असते. अमेरिकेतल्या हार्टस्टेप्स प्रयोगात फोन दिवसातून काही वेळा पाहायचा, माणूस मोकळा आहे का, हवा कशी आहे, आणि मग सुचवायचा की जरा चालून या. चालायला सुचवल्यावर पुढच्या अर्ध्या तासातली पावलं सरासरी २४ टक्क्यांनी वाढली. पण सहा आठवड्यांतच परिणाम ओसरत गेला. लोकांना सूचनांची सवय झाली आणि त्या दिसेनाशा झाल्या. तेव्हा परतीचा स्क्रीन चांगला असला तरी तिथवर माणसाला आणणार कोण? त्याने अ‍ॅप उघडलंच नाही तर?

खर्रामुक्त_इतवारी

ताई, माह्या विषय खर्र्याचा हाये, पण तुमच्याच मुद्द्याचा हाये म्हणून लिहून राहिलो.

मी तंबाखू सोडाचं एक अ‍ॅप फोनात टाकलं होतं. त्यानं पहिलाच प्रश्न इचारला, रोज किती सिगारेटी ओढता? मी सिगारेट ओढतच नाही ना भाऊ. खर्र्याचा हिसाबच निराळा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून फळीवर घोटते, रबर लावून हातात देते. आन ती पन्नी एकट्याची नसते. एकानं घेतला का चौघं चिमूट-चिमूट खाते. मंग मी रोज किती खाल्ला, काय लिहू?

दुसरं, ते सकाळी नऊले मेसेज टाके, 'आजचा दिवस तंबाखूविना'. सकाळी नऊले मले तलबच नव्हती येत. तलब ये जेवण झाल्यावर, आन ठेल्यापाशी दोस्त उभे दिसले का. खर्रा घोटाचा आवाज आला तरी हात खिशात जाये. त्या टायमाले फोन गप्प.

माह्या सुटला तो असा. जेवण झाल्यावर ठेल्याच्या रस्त्यानं जाणं बंद केलं, मागच्या गल्लीतून दुकानात येऊ लागलो. खिशात सोप, म्हणजे बडीशेप, ठेवली. आन एका दोस्ताले सांगून ठेवलं का तलब आली का तुले फोन करीन, तू फक्त पाच मिनिटं बोल. सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट लाइन हाये, तिथंही बोललो. माणूस बोलते तिकडून, नीट बोलते.

भाच्याच्या लग्नात एक दिवस खाल्ला. अ‍ॅप उघडलं तं सारे महिने गायब, मोठा शून्य. त्या शून्यानं मले असं सांगितलं का तुह्या सारा तरास वाया गेला. दोस्त म्हणाला, अबे एक दिवस खाल्ला, बाकी दिवस नाही खाल्ला ना? उद्या नको खाऊ. त्याचं ऐकलं, अ‍ॅप काढून टाकलं.

मिहानवाली

खर्रामुक्त दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या टीमला जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

तुम्ही जे केलंत त्याचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये तो सविस्तर मांडला. 'तंबाखू सोडीन' असा नुसता संकल्प केला तर फार टिकत नाही. 'जेवण झालं की मागच्या गल्लीतून जाईन' असं जागा-वेळेसकट ठरवलं की पाळलं जाण्याची शक्यता वाढते. आमच्या अ‍ॅपमध्ये लक्ष्य विचारतो तिथे आता आकड्याऐवजी दोन रिकाम्या जागा ठेवायचा विचार आहे: 'कशानंतर' आणि 'काय करणार'. 'रात्रीचं जेवण झाल्यावर, गल्लीत दोन चकरा.' मोजायला सोपं आणि ऋतू बदलला की बदलायलाही सोपं.

व्हीएनआयटी, साखळी ज्याला हवी त्याने चालू करावी, असं ठेवता येईल. पण सुरुवातीला ती बंद असेल. पंचविशीतल्या पळणाऱ्या मुलाला साखळी तुटल्याचं जेवढं वाटतं आणि साठीतल्या, शुगर वाढलेल्या माणसाला जेवढं वाटतं, त्यात फार फरक आहे. दुसऱ्याच्या मनात आधीच धास्ती असते. अ‍ॅप उघडलं की अपयश दिसणार हे कळलं की तो अ‍ॅपच उघडत नाही, आणि मग शुगर तपासणंही टाळतो. याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

उपकेंद्राची_सिस्टर

मी भंडारा जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे परिचारिका आहे, घर नागपुरात आहे. 'अ‍ॅप उघडलंच नाही तर काय' या प्रश्नाचं उत्तर आमच्या कामात मिळतं, म्हणून लिहिते.

२०१७ पासून भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू आहे. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात आमचा भंडारा आणि विदर्भातलाच वर्धा जिल्हाही होता. त्यात 'सिंपल' नावाचं अ‍ॅप आहे, पण ते पेशंटच्या फोनमध्ये नसतं, आमच्या फोनमध्ये असतं. पेशंटकडे एक कार्ड असतं, त्यावर क्यूआर कोड. तो स्कॅन केला की मागचे बीपी दिसतात. आजचा बीपी टाकायचा, गोळ्या बघायच्या, पुढची तारीख द्यायची, झालं. नेट नसलं तरी चालतं. रांगेत पंधरा-वीस माणसं उभी असताना एवढंच जमतं, जास्त रकाने भरायला कुणाला वेळ असतो?

त्यातली मला सगळ्यात उपयोगी वाटते ती तारीख चुकलेल्यांची यादी. कोण यायला हवं होतं आणि आलं नाही, ते समोर येतं. मी फोन लावते. आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत बायका येतच नाहीत, दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतात. त्यांना 'तुम्ही का आला नाहीत' असं मी विचारत नाही. 'गोळ्या किती उरल्यात?' एवढंच विचारते. संपल्या असतील तर आशाताईंबरोबर पाठवायची सोय बघते. रोवणी संपली की त्या आपणहून येतात. रागावून बोललं की पुढच्या वेळी फोनच उचलत नाहीत.

ताई, तुमच्या अ‍ॅपला असा फोन करणारं कुणी आहे का?

व्हीएनआयटी_हॉस्टेल

सिस्टर, तुमच्या यादीवरून आठवलं. मुंबईची आरमान संस्था गरोदर आणि नव्या आयांना दर आठवड्याला आरोग्याचे संदेश आवाजी कॉलने पाठवते, एममित्र नावाने. काही आठवड्यांनी बऱ्याच बाया फोन उचलणं किंवा ऐकणं सोडतात. संस्थेकडे स्वतः फोन करून बोलणारी माणसं मोजकीच. म्हणून आयआयटी मद्रास आणि गूगलच्या संशोधकांबरोबर त्यांनी असा प्रोग्रॅम केला की या आठवड्यात कुणाला माणसाचा फोन गेला तर ती परत ऐकायला लागेल, याचा अंदाज यावा. २३,००० बायांवर तपासलं तर गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली.

मला यातली विभागणी फार पटली. कुणाला फोन करायचा ते यंत्र ठरवतं, बोलतो माणूस. साखळीबद्दलचं माझं मत थोडं बदलतंय. आमचा ग्रुप पहाटे उठतो तो साखळीमुळे की खाली उभ्या असलेल्या मित्रांमुळे, हे मला आता तपासून बघायला आवडेल.

महालच्या_काकू

मुलांनो, तुम्ही सगळे आमच्यासाठी बनवताय, तर आम्हा वापरणाऱ्यांचंही ऐका. मला शुगर आहे, रेशीमबागेच्या मैदानावर सकाळी चालते, फोन बरा येतो.

पहिली गोष्ट, अ‍ॅप भाजीची वाटी मोजायला सांगतं. आमच्याकडे महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कथली असा स्वयंपाक असतो. त्या तीन दिवसांत मी कोणती वाटी कशाने मोजू? त्या दिवसांत अ‍ॅपने एवढंच विचारावं की गोळी घेतली का. बाकी गप्प राहावं. सण संपल्यावर चौथ्या दिवशी म्हणावं, 'काकू, आज साधं वरण-भात-भाजी, आणि संध्याकाळी एक चक्कर.' मी नक्की करीन.

दुसरी गोष्ट, उन्हाळ्यात चालणं बंद होतं तेव्हा मी घरातच फिरते. स्वयंपाकघर ते अंगण. फोन ओट्यावर असतो, त्यामुळे अ‍ॅपला वाटतं मी दिवसभर बसून आहे. ते मला हाताने लिहिता यायला हवं, 'आज घरातच चालले', आणि त्याची किंमत व्हायला हवी.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. 'कुटुंबाला कळवा' असं बटण अनेक ठिकाणी असतं आणि ते आधीपासून चालू असतं. माझी शुगर वाढल्याचा मेसेज सुनेला गेला तर घरात दिवसभर तोच विषय. माझ्या ताटात काय आहे ते सगळे बघणार. त्यापेक्षा मी शुगर तपासणारच नाही. कुणाला कळवायचं ते मी ठरवीन. मी माझ्या मैदानावरच्या मैत्रिणीला सांगेन.

मिहानवाली

काकू, तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. कुटुंबाला कळवण्याचं बटण आजपासून बंद, हवं तर आपण चालू करायचं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट आणि मोकळेपणाने दिलेली असावी असंच आहे. आणि 'कुटुंब' हा शब्दच काढून तिथे 'तुमचा माणूस' असं ठेवते. मैदानावरची मैत्रीण, खर्रामुक्त दादांचा दोस्त, कुणीही. खंड पडला तर त्या माणसाला एकच निरोप जाईल, 'फोन करून बघा'. शुगरचा आकडा जाणार नाही.

हवामान खात्याचा उष्णतेचा इशारा आला की बाहेर चालण्याचं लक्ष्य त्या दिवसापुरतं आपोआप मागे घ्यायचं आणि घरातल्या हालचालीचं पुढे आणायचं, हे आमच्या डेव्हलपरने करता येईल म्हणून सांगितलंय. सणांचे दिवस पंचांगातून घेऊ, पण 'माझ्या घरी नाही' म्हणायची सोय ठेवू. सगळ्यांचे सण सारखे नसतात.

परतीचा स्क्रीन सध्या असा सुचतोय. वर: 'परत आलात, बरं वाटलं.' खाली आजवर एकूण किती दिवस चाललात तो आकडा, जो कधीच कमी होत नाही. मग एक प्रश्न, 'मध्ये काय झालं?' पर्याय: ऊन, लग्न-सण, आजारपण, गावी गेलो, कंटाळा आला, सांगायचं नाही. आणि मग आजचं एकच छोटं काम. सिस्टर, फोन करणारी दोन माणसं आमच्याकडे नेमता येतील का, हे मी कंपनीत मांडतेय. डॉक्टरसाहेब, यात वैद्यकीय दृष्ट्या काही चुकतंय का?

उपकेंद्राची_सिस्टर

'कंटाळा आला' हा पर्याय ठेवलात ते बरं केलंत. खरं कारण बऱ्याचदा तेच असतं आणि कुणी म्हणत नाही. 'गोळ्या संपल्या' हाही टाका. आणि पेशंटचा नंबर घेताना विचारा, हा फोन कुणाच्या हातात असतो? आमच्याकडे अनेक घरांत एकच फोन असतो, तो दिवसा मुलाकडे कामावर जातो. मी अशा घरी रात्री आठनंतर लावते.

धंतोलीचा_डॉक्टर

'आजारपण' आणि 'गोळ्या संपल्या' या दोन पर्यायांनंतर लगेच छोटं काम देऊ नका, ताई. तिथे आणखी एक प्रश्न हवा: 'मधल्या काळात औषधं बदलली का, किंवा बंद केली का?' उत्तर 'हो' आलं तर आधी डॉक्टरांशी बोला, एवढंच दाखवा.

कारण सांगतो. तुमचं अ‍ॅप उंबरठ्यावरच्यांसाठी असलं तरी काकूंसारखे गोळ्यांवर असलेले लोक ते वापरणारच. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणारा माणूस महिन्याभराच्या खंडानंतर उत्साहाने उपाशीपोटी तासभर चालला तर शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. त्याच्या खिशात साखर किंवा ग्लुकोज हवं, आणि पहिल्या आठवड्यात चालणं नाश्त्यानंतर, दहा-पंधरा मिनिटांचंच. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना उन्हाळ्यात पाणी कमी पडून चक्कर येते, तेव्हा इशाऱ्याच्या दिवशी त्यांना वेगळा मजकूर लागेल. खंडाआधीचं लक्ष्य कुणालाच पहिल्या दिवशी परत देऊ नका, निम्म्यापासून सुरू करा. दोन्ही मजकुरांचा मसुदा मला इथेच पाठवा, रविवारी सकाळी वाचून दुरुस्त करून देतो.